शेवटची तपासणी कोणासाठीं?

पुण्याहून दौंडाकडे निघालेली गाडी हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत अशीं स्टेशनें घेत खुटबावास येते; त्याच्या पुढचें स्टेशन केडगांव. हा लोहमार्ग १८५८ सालचा. खुटबावास जलद गाड्या थांबत नाहींत. आज मला या मार्गाविषयींच बोलावयाचें आहे, मात्र आगगाडीच्या दृष्टीनें नव्हे. खेड्यांतला आजारी मनुष्य तपासणीसाठीं शहराकडे न्यावयाचा, मग तो कितीहि वृद्ध असो वा मरणोन्मुख असो, ही जी आपल्याकडे आतां रूढि होऊन बसली आहे, तिचा इतिहास या एका मार्गाच्या कांठीं पुष्कळसा सांपडतो.

या इतिहासांत मी शिरलों तो अभ्यासाच्या हौसेनें नव्हे. माझी आत्या खुटबावास राहत असे. वय वर्षें ८७. हृदय थकलेलें, पायांवर सूज, अन्न जवळजवळ सुटलेलें. गांवच्या डॉक्टरांनीं माझ्या आतेभावाला स्पष्ट सांगितलें होतें कीं, आतां तिला घरींच असूं द्या, दम लागला तर मला हांक मारा, मी येईन. मी पडलों शहरांत राहणारा, चार पुस्तकें वाचलेला. मी म्हणालों, "नीट निदान झाल्यावांचून असें कसें सोडून द्यावयाचें?" आणि तिला पुण्यास एका मोठ्या रुग्णालयांत आणिलें. पुढें नऊ दिवस रोज पहाटे तिचें रक्त काढीत. सोनोग्राफी झाली, हृदयाचा इको झाला, दोनदां सीटी स्कॅन झाला. उताणें निजलें कीं तिचा जीव घाबरा होई, आणि त्या यंत्रांत तर उताणेंच निजावें लागतें. सुया टोंचून टोंचून दोन्ही हात काळेनिळे झाले होते. एकदां ती मला म्हणाली, "अरं, रोज एवढं रगत नेत्यात, आन् अजून घावलं न्हाय व्हय त्यांला, मला काय झालंय त्ये?"

मी म्हणालों, "सांपडेल, आत्या."

"मला ठावं हाय काय झालंय. मी म्हातारी झाले."

दहाव्या दिवशीं ती गेली. त्या रुग्णालयाला मी दोष देत नाहीं. तेथें जें जें विचारलें गेलें, त्याला संमति मींच दिली होती. पण तेव्हांपासून एक प्रश्न मला सोडीत नाहीं : त्या नऊ दिवसांतील तपासण्या नेमक्या कोणासाठीं होत्या? आणि असें करणें हेंच कर्तव्य होय, असें मला इतक्या सहजपणें कां वाटलें?

या मार्गावर लोणीच्या जवळ, मुळामुठेच्या कांठीं, थेऊर आहे. १७७२ सालीं थोरले माधवराव पेशवे क्षयानें खंगून येथें चिंतामणीच्या सान्निध्यांत राहिले, आणि १८ नोव्हेंबर रोजीं वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं येथेंच वारले. ते वृद्ध नव्हते. पण मरण निश्चित झालेला मनुष्य आणि त्याचे वैद्य यांचा परस्परसंबंध त्या काळीं कसा असे, हें पाहण्यास त्यांचें उदाहरण उपयोगी आहे. राज्याचा धनी आजारी, तेव्हां वैद्यांची आणि अनुष्ठानांची उणीव नव्हती. परंतु रोग कोणता आणि त्याचा शेवट काय, हें एकदां कळल्यावर त्यांचे अखेरचे आठवडे दुसऱ्याच कामांत गेले. आपल्या इच्छा त्यांनीं कलमवार लिहवून ठेविल्या; कर्ज फेडण्याची तजवीज तींत होती. मरणाऱ्या माणसाचा वेळ हा त्याच्या स्वतःच्या कामाचा, ही समजूत तेथें दिसते.

त्या काळच्या वैद्याजवळ परीक्षेचीं साधनें तरी कोणतीं? नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टि आणि आकृति, ही अष्टविध परीक्षा. तिला घटकाभर वेळ लागे, आणि रोग्याला वेदना होत नसे. शिवाय आपल्या शास्त्रानें निदानाबरोबरच एक दुसरा प्रश्न वैद्याला घालून दिला होता : रोग साध्य कीं असाध्य? चरकसंहितेचें इंद्रियस्थान हें बारा अध्यायांचें सबंध प्रकरण मरण जवळ आल्याचीं चिन्हें ओळखण्यासाठींच लिहिलेलें आहे. याचा अर्थ जुना काळ दयाळू होता असा मात्र मी घेत नाहीं. असाध्य रोग्याला हात लावल्यास वैद्याचें धन आणि यश यांची हानि होते, असा इशारा त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानांत आहे. आणि 'असाध्य' म्हणून हात झाडून निघून जाणारे वैद्य तेव्हांहि कमी नसतील. त्या पद्धतीचा एक गुण मात्र मान्य करावा लागतो. 'हा मनुष्य आतां जाणार' असें म्हणण्याची तिला लाज वाटत नसे.

एकोणिसाव्या शतकांत परीक्षेचें स्वरूप पालटलें. लेनेक या फ्रेंच वैद्यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लाविली, आणि तीतून स्टेथॉस्कोप निघाला. मुंबईस १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, पुण्यास १८६७ सालीं ससून रुग्णालय उभें राहिलें. १८९५ च्या नोव्हेंबरांत राँटगेननें क्ष-किरण शोधून काढले. रोगी काय सांगतो यापेक्षां त्याचें शरीर काय दाखवितें, याला अधिक मोल आलें. या पालटानें असंख्य जीव वांचले, हें सांगावयास नकोच. पण सामान्य महाराष्ट्रीय घराला ही नवी परीक्षा प्रथम भेटली ती अशा सौम्य रूपानें नव्हे. ती भेटली प्लेगच्या सालीं.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर प्लेग मुंबईंत आला आणि लौकरच पुण्यास पोंचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास रँडसाहेबांच्या हुकमतीखालीं गोऱ्या शिपायांच्या टोळ्या घरोघर शिरल्या. माणसांना बाहेर काढून जांघेंत आणि काखेंत गांठ आहे कीं काय हें पाहूं लागल्या. संशय आला कीं रोग्याची रवानगी इस्पितळांत, घरच्यांची छावणींत. आगगाडीचे उतारूहि तपासणींतून सुटत नसत. म्हाताऱ्याकोताऱ्यांचें अंथरूणहि या झडतींतून वगळलें गेलें नाहीं. पुढें २२ जून रोजीं चापेकर बंधूंनीं काय केलें, तें प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे, आणि त्या झळाळींत त्या तपासणीची मूळ गोष्ट थोडी झांकली गेली आहे.

तिच्याविरुद्ध या लोहमार्गाच्या परिसरांतूनच एका बाईचा आवाज उठला होता. केडगांवास मुक्ति मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनीं १८९७ त 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत लिहून प्लेगच्या इस्पितळांत आणि छावणींत स्त्रियांची काय दशा होते, तें उघड केलें. सरकारनें तें नाकारलें. प्लेगच्या अंमलबजावणीविषयीं गोखल्यांना विलायतेंत केलेल्या विधानांबद्दल परत आल्यावर माफी मागावी लागली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. रमाबाई कांहीं नव्या वैद्यकाच्या शत्रु नव्हत्या. तपासणीच्या नांवाखालीं माणसाचें काय होतें, एवढेंच त्यांना विचारावयाचें होतें.

त्याच वर्षीं, याच मार्गावर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यांत सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर पुत्राच्या, यशवंताच्या, दवाखान्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनीं पाठीवर घालून आणिलें असें सांगतात. १० मार्च १८९७ रोजीं त्या प्लेगनेंच वारल्या. एका बाजूला रोग्याला शोधून नेणारी टोळी आणि दुसऱ्या बाजूला रोग्याला पाठीवर आणणारी बाई! दोघांच्याहि हातांत औषध असें जवळजवळ कांहींच नव्हतें.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. १८९७ ची तपासणी क्रूर रीतीनें झाली, पण तिला हेतु होता. ती रोग्यासाठीं नव्हती. शेजाऱ्यासाठीं होती, शहरासाठीं होती. एकाच्या अंगावरची गांठ पाहून दुसऱ्याचा जीव वांचवावा, असा तो हिशेब होता. माझ्या आत्याच्या रक्तानें कोणाचा जीव वांचणार होता? तिचा नाहीं, कारण निष्कर्ष कांहींहि निघाला तरी उपचार बदलणार नव्हता. शेजाऱ्याचाहि नाहीं, कारण थकलेलें हृदय हें कांहीं सांथीचें दुखणें नव्हे. म्हणजे प्लेगच्या टोळीजवळ जें उत्तर होतें, तें माझ्याजवळ नव्हतें.

मग हें उत्तर मधल्या शंभर वर्षांत हरवलें कसें? एक कारण यंत्रांचेंच आहे. १९७१ सालीं हाउन्सफील्डच्या यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूचें पहिलें चित्र काढलें, आणि पुढें हीं यंत्रें आपल्या जिल्ह्यांच्या गांवींहि येऊन पोंचलीं. यंत्र घेतलें म्हणजे त्याचा हप्ता येतो, आणि हप्ता आला म्हणजे रोगी हवेत. दुसरें कारण कायद्याचें. १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वैद्यकीय सेवा त्या कायद्याखालीं येते असें ठरविलें. फसविल्या गेलेल्या रोग्याला दाद मिळूं लागली, हें इष्टच झालें. पण त्याबरोबर डॉक्टरच्या मनांत असें आलें कीं, तपासणी केली म्हणून कोणी कोर्टांत खेंचीत नाहीं, न केल्यास मात्र खेंचील. तिसरें कारण बोलावयास अवघड, पण तें पुण्याच्याच डॉक्टरांनीं बोलून दाखविलें आहे. डॉ. अरुण गद्रे यांनीं देशभरांतील ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या, आणि 'कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची' हें पुस्तक मराठींत लिहिलें. डॉ. अभय शुक्ल यांच्यासह त्यांनीं केलेलें इंग्रजी पुस्तक २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. रोगी पाठविल्याबद्दल मिळणारा 'कट', नको असलेल्या तपासण्या, यांविषयीं त्या डॉक्टरांनींच तोंड उघडलें आहे. धंद्यांतल्या माणसांनीं आपल्या धंद्याविषयीं इतकें खरें बोलावें, हें आपल्याकडे क्वचितच घडतें.

पण सगळा दोष पैशावर टाकला म्हणजे आपण सुटलों असें नाहीं. चौथें कारण म्हणजे मी. म्हणजे आपण, शहरांतले नातेवाईक. गांवीं राहून ज्यानें वर्षानुवर्षें सेवा केली, तो आतेभाऊ "घरींच राहूं द्या" म्हणत होता. दोन महिन्यांतून एकदां भेटणारा मी मात्र "सर्व कांहीं करा" म्हणत होतों. जितकें अंतर अधिक, तितका तपासणीचा आग्रह अधिक, असें मीं पुढें अनेक घरांत पाहिलें आहे. न भेटल्याची रुखरुख कोणत्या तरी मार्गानें फेडावयाची असते, आणि तपासणीचें बिल हा त्यांतला सर्वांत सोपा मार्ग होय.

आतां एक साधा हिशेब सांगतों. रक्ताच्या अहवालावर प्रत्येक आंकड्यापुढें 'स्वाभाविक मर्यादा' छापलेली असते. ती बहुधा अशी ठरवितात कीं, निरोगी माणसांपैकीं मधले ९५ टक्के तींत बसावे. म्हणजे धडधाकट माणसांतहि शेंकडा पांच जण बाहेर पडणार, हें मुळांतच ठरलेलें! एकमेकींशीं संबंध नसलेल्या वीस चाचण्या अशा निरोगी माणसाच्या केल्या, तर एक तरी आंकडा मर्यादेबाहेर जाण्याचा संभव सुमारें ६४ टक्के येतो. मग ८७ वर्षांच्या बाईचे काय सांगावें? प्रत्येक आंकड्याखालीं तांबडी रेघ. त्या रेघेचा शोध घेण्यासाठीं दुसरी तपासणी, तींत कांहीं आढळलें म्हणून तिसरी. वृद्ध पुरुषांच्या शवविच्छेदनांत प्रोस्टेट ग्रंथीचा असा कर्करोग पुष्कळदां सांपडतो, ज्याची त्या माणसाला जन्मांत कधीं जाणीवहि झालेली नसते. म्हणूनच अमेरिकेंतील अधिकृत तज्ज्ञमंडळानें २०१८ सालीं सत्तरीपुढच्या पुरुषांची यासाठीं सरसकट रक्ततपासणी करूं नये असें सांगितलें. आणि तपासणी निरुपद्रवी असते हीहि समजूतच आहे. रोज काढलेल्या रक्तानेंच अशक्त रोगी अधिक पांढरा पडतो. स्कॅनसाठीं टोंचलेलें द्रव्य थकलेल्या मूत्रपिंडांना बाधूं शकतें.

हें सर्व मुंबईंत फार पूर्वीं सांगणारीं माणसें होतीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशीं जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र शिकविणारे डॉ. मनु कोठारी आणि डॉ. लोपा मेहता यांनीं १९७३ सालीं कर्करोगाच्या स्वरूपावर मोठा ग्रंथ लिहिला. ज्या माणसाला त्रास नाहीं त्याच्या शरीरांत रोग धुंडाळूं नये, आणि त्रास असेल तेव्हां त्रास हलका करावा, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता. त्यांचीं सर्वच मतें मला पटत नाहींत. कांहीं कर्करोग लौकर ओळखल्यानें बरे होतात, हें आतां निःसंशय ठरलें आहे. परंतु वृद्धांच्या बाबतींत त्यांचा प्रश्न अजून जसाच्या तसा उभा आहे. त्यांच्या शेजारींच, परळच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकारानें चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जालानें २०१९ सालीं कर्करोगाच्या उपचारांत टाळावयाच्या दहा प्रथांची यादी प्रसिद्ध केली. जें कोठारी-मेहता यांनीं बाहेर राहून म्हटलें, त्यांतलें थोडें तरी आंत राहूनहि म्हणतां येऊं लागलें.

म्हाताऱ्या माणसाची तपासणीच करूं नये, असें मात्र कोणी समजूं नये. नव्वदीच्या आजी न्हाणीघरांत पडल्या तर क्ष-किरणानें हाड पाहिलेंच पाहिजे, कारण तें बसविल्यानें त्यांच्या वेदना थांबतात. एकाएकीं बरळूं लागलेल्या आजोबांची साखर पाहावी, लघवी तुंबली आहे का तें पाहावें. घटकेभरांत माणूस शुद्धीवर येतो. डोळ्यांतला मोतीबिंदु, कानांचें मांद्य, दुखरा दांत, यांच्याकडे तर आपण लक्षच देत नाहीं, आणि म्हातारपणाचें सुख निम्में तेथें असतें. माझ्या आत्याचा इको दोन रुग्णालयांच्या कागदांवर आहे. तिला गेलीं पांच वर्षें नीट ऐकूं येत नव्हतें, याची नोंद एकाहि कागदावर नाहीं.

नको म्हणण्याची परंपराहि आपल्याकडे आहे. विनोबांना १९८२ च्या नोव्हेंबरांत पवनारास हृदयविकाराचा झटका आला. त्यांनीं अन्न, पाणी आणि औषध तिन्ही सोडलीं. डॉक्टर जवळ होते, इंदिरा गांधीहि येऊन गेल्या. १५ नोव्हेंबर रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, आपल्या आश्रमांतच ते गेले. पण विनोबांचा शब्द मोडण्याची कोणाची छाती होती? सामान्य माणसाच्या शब्दाला वजन यावयास कायदा लागला. के. ई. एम. मधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणीं ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या प्रश्नाचें दार किलकिलें केलें. ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींनीं असें ठरविलें कीं, सन्मानानें मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि अखेरच्या आजारांत कोणते उपचार नकोत हें मनुष्य आधीं लिहून ठेवूं शकतो. त्याची रीत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजीं न्यायालयानें ती सोपी केली. आतां दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढें पुरतें. थेऊरास माधवरावांनीं राज्याचीं कलमें लिहविलीं. आपल्याला स्वतःच्या अंथरुणाचीं लिहावयाचीं आहेत, एवढाच फरक.

आणि नको म्हटल्यावर पुढें काय, याचेंहि उत्तर जवळच आहे. मुंबईस वांद्र्याला १९८६ सालीं डॉ. डिसूझा यांनीं 'शांति आवेदना सदन' काढलें. असाध्य रोग्यांसाठींचें हें देशांतलें पहिलें निवासस्थान. पुण्यास वारज्याला सिप्लाचें केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रोग्यांची वेदना शमविण्याचें काम विनामूल्य करीत आहे. तेथें पहिला प्रश्न 'कोठें दुखतें?' हा असतो. हें केंद्र माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. आत्याचें दुखणें कर्करोगाचें नव्हतें. पण दम हलका करण्याचें औषध असतें, आणि तें घरींहि देतां येतें, हें मला तेथें जाऊन विचारतां आलें असतें. मीं विचारलें नाहीं.

आत्याचा दुसरा स्कॅन तिच्या शेवटच्या सायंकाळीं झाला. त्याचा अहवाल दहावा होऊन गेल्यावर खुटबावास पोंचला. दोन पानें बारीक अक्षरांत होतीं. अखेरीस लिहिलें होतें कीं, हे निष्कर्ष रोग्याच्या प्रत्यक्ष स्थितीशीं ताडून पाहावे आणि जरूर वाटल्यास तीन महिन्यांनीं पुन्हां स्कॅन करावा. आतेभावानें तें मला वाचावयास सांगितलें. मीं मराठींत अर्थ सांगितला. त्यानें कागद घडी घालून सातबाऱ्याच्या पिशवींत ठेविला आणि विचारलें, "दादा, हे जपून ठेवायचे असतात का?"